लिव्हरपूलची विजययात्रा, २६ मे: वडील आणि लेकीला घेऊन कुठे उभं राहावं?

वॉरिंग्टनवाला | १४ मे २०२५, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे.

२७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१ ने हरवून आपण इंग्लिश फुटबॉल लीगचं विसावं विजेतेपद घेतलं, चार सामने हातात राखून. त्या दिवसापासून घरात एकच विषय आहे: सोमवार, २६ मे. बँक हॉलिडे आहे, त्यामुळे रजेचा प्रश्न नाही. दुपारी अडीचला अॅलर्टन मेझपासून बस निघणार, शहराला वळसा घालत साधारण १५ किलोमीटर जाणार आणि द स्ट्रँडवरून ब्लंडेल स्ट्रीटला संपणार.

बाबा सध्या कोल्हापूरहून आले आहेत. वय ७१, मधुमेह आहे, गुडघा दुखतो. लेक आठ वर्षांची. २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकली तेव्हा बाबांचं तिकीट काढलं होतं, पण विमानंच बंद झाली. आपल्या रिकाम्या अॅनफिल्ड मैदानावर खेळाडूंनी चषक उचलला. तो आम्ही व्हिडिओ कॉलवर, ते तिकडे आणि मी इकडे, एकत्र पाहिला. बाबा तेव्हा म्हणाले होते, "पुढच्या वेळी रस्त्यावर उभं राहून बघू." ती पुढची वेळ आता आली आहे.

बायकोचं म्हणणं, टीव्हीवर बघा, सगळं नीट दिसतं. मला जायचंच आहे. कुठे उभं राहू? किती वाजता निघू? स्वच्छतागृहाचं काय?

कॉप_कट्टा | १४ मे, रात्री १०.०५

स्ट्रँड! दुसरा विचारच करू नका. लिव्हर बिल्डिंगच्या खाली. २०१९ ला माद्रिदहून युरोपचा चषक आला त्या रविवारी मी तिथे होतो. साडेसात लाख लोक होते म्हणतात. बस वळून समोर आली तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली आणि दोघंही रडलो. ते घरात बसून मिळत नाही.

मुळा_मुठा | १४ मे, रात्री १०.२२

कॉप_कट्टा, भावना पोचल्या. पण सत्तरीतला माणूस आणि आठ वर्षांचं मूल घेऊन सगळ्यात दाट गर्दीत? आम्ही पुण्यात लहानपणी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर जायचो तेव्हा आजोबांचा एक नियम होता: मिरवणूक जिथे सुरू होते तिथे देव बघावा, जिथे संपते तिथे फक्त गर्दी दिसते. टिळक पुतळ्यापाशी सकाळी जाऊन मानाचे गणपती बघायचे आणि जेवायला घरी. अलका चौकात आम्हाला कधीच नेलं नाही.

निळाई | १४ मे, रात्री ११.१०

मी एव्हर्टनची, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या, निळ्या क्लबची. लिव्हरपूलमध्ये अकरा वर्षं आहे, रुग्णालयात काम करते. निळी असूनही सांगते, कारण प्रश्न लहान मुलीचा आणि बाबांचा आहे.

मुळा_मुठा बरोबर म्हणताहेत. स्ट्रँडला जाऊ नका. क्वीन्स ड्राइव्हला उभे राहा. रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना वस्ती आहे, लोक घरांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात. गर्दी असते, पण श्वास घेता येतो आणि नको वाटलं तर मागच्या गल्लीत शिरता येतं. स्ट्रँडला ती सोय नाही. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि बस गेली की सगळे एकाच वेळी त्याच दोन-चार रस्त्यांनी वर चढायला लागतात.

तुम्ही वॉरिंग्टनला आहात ना? मग लाइम स्ट्रीट स्थानकापर्यंत जायची गरजच नाही. वॉरिंग्टन सेंट्रलवरून थांबत थांबत जाणारी गाडी धरा आणि मॉस्ली हिलला उतरा. तिथून क्वीन्स ड्राइव्ह पंधरा-वीस मिनिटं चालत, बाबांच्या चालीने अर्धा तास. साडेअकराच्या आत पोचा.

मँचेस्टरची_मावशी | १५ मे, सकाळी ७.३०

विसाव्याचं अभिनंदन बाळांनो. आता तुमचे वीस, आमच्या मँचेस्टर युनायटेडचे वीस. एकविसावं कोण आधी घेतं ते बघू. :)

माझ्या घरात नवरा लाल (आमचा लाल), मुलगा लाल (तुमचा लाल). २०२२ ला तुमच्या मिरवणुकीला मुलाला घेऊन मीच गेले होते, कारण त्याच्या बाबांनी साफ नकार दिला! आदल्या रात्री पॅरिसमध्ये रेआल माद्रिदकडून हरलेले, तरी दुसऱ्या दिवशी लाखो लोक रस्त्यावर. मला वाटलं होतं सुतकी वातावरण असेल. तसं अजिबात नव्हतं. दोन चषक होते, आणि महिला संघ त्यांची लीग जिंकून वर चढला होता, तोही मिरवणुकीत होता. माझ्या पुढे उभी असलेली छोटी मुलगी त्यांच्याच बसकडे बघून ओरडत होती. तुमच्या लेकीला घेऊन जाच.

आईच्या नात्याने काही गोष्टी. मुलीच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा, कारण गर्दीत मोबाईलला रेंज मिळत नाही. हरवलात तर कुठे भेटायचं ते घरूनच ठरवा, आणि ती जागा रस्त्याच्या तुमच्याच बाजूची असू दे, कारण मध्ये मिरवणूक असताना पलीकडे जाता येत नाही. कानाला लावायचे हेडफोन न्या, ते भोंगे फार कर्कश असतात. बाबांसाठी घडीचं स्टूल. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही आणि भांडणं होतात. रेनकोट न्या.

लेस्टरकर | १५ मे, सकाळी ९.०२

मावशींना अनुमोदन. खाण्याचं विसरू नका. २०१६ च्या मे महिन्यात लीग जिंकल्यावर आमच्या लेस्टरची यात्रा निघाली तेव्हा गावात एवढी माणसं मी दिवाळीत बेलग्रेव्ह रोडलाही बघितली नव्हती. दुकानं दुपारीच रिकामी झाली. आम्ही व्हिक्टोरिया पार्कमध्ये थेपले आणि मुरांबा खात बसलो, आणि शेजारच्या गोऱ्या कुटुंबाने दोन डबे संपवले.

आम्ही लीग जिंकू यावर सट्टेबाजांचा पाच हजारास एक असा भाव होता त्या वर्षी. त्या दिवशी अख्खं शहर एका घरासारखं वागत होतं. आजही तो दिवस आठवला की मी कामाच्या मध्ये थांबतो.

शाहूपुरी | १५ मे, सकाळी ११.४५

धाग्याला थोडा फाटा फोडतो, राग मानू नका.

वॉरिंग्टनवाला, तुमचे वडील कोल्हापूरचे म्हणता. त्यांनी शाहू स्टेडियम पाहिलं असणारच. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, प्रत्येकाची पोरं झेंडे घेऊन. जिंकलं की हलगी-घुमकं, गुलाल आणि तालमीपर्यंत मिरवणूक. त्याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

मला मनापासून विचारायचंय. सात समुद्रापलीकडच्या क्लबसाठी इतकं करणारे आपण, आपल्या गावच्या तालमीसाठी काय करतो? तिथल्या पोरांना चांगले बूट नाहीत.

गोंयकार | १५ मे, दुपारी १२.१०

+१. आमच्या एफसी गोवाने ३ मे ला भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, जमशेदपूरला तीन गोल घातले. या कट्ट्यावर एक धागा नाही निघाला.

कॉप_कट्टा | १५ मे, दुपारी १२.३१

अरे पण हे एक किंवा दुसरं असं थोडंच आहे? गोंयकार, तू धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देतो.

वॉरिंग्टनवाला | १५ मे, रात्री ८.१५

शाहूपुरी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन पाकिटातून एक फोटो काढून आणला. काळा-पांढरा, कोपरा दुमडलेला. शाहू स्टेडियमच्या मैदानावर अकरा पोरं, दोघं अनवाणी. डावीकडून तिसरे बाबा, उजवा बॅक. हा फोटो ते इथे घेऊन आले आहेत हे मला माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "त्यांना सांग, मी फुटबॉल तिथेच शिकलो म्हणून मला हे कळतं." बुटांचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलं आहे. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, बाबा परत जातील तेव्हा त्यांच्यासोबत काही पाठवता येईल का बघू.

मॉस्ली हिलचा बेत पक्का करतोय. निळाई, खूप आभार.

शाहूपुरी | १५ मे, रात्री ८.५०

काकांना माझा नमस्कार सांगा. निरोप पाठवतो.

दादरचा_पाऊस | १६ मे, सकाळी १०.२०

मी गेल्या वर्षी ४ जुलैला मरीन ड्राइव्हला होतो. टी-ट्वेंटी विश्वचषकाची मिरवणूक, एनसीपीए ते वानखेडे. वेळ पाचची दिली होती, बस हलली साडेसातच्या सुमारास. मी दोनपासून उभा. माझ्या पुढच्या मुलीला घेरी आली तेव्हा तिला खाली बसवायलाही जागा नव्हती, आम्ही चौघांनी हातांचं कडं केलं. त्याच गर्दीतून लोकांनी रुग्णवाहिकेला वाट करून दिली, तेही मी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपलांचे ढीगही पाहिले.

रोहित आणि विराट चषक घेऊन बसच्या टोकाला आले तो क्षण मी विसरणार नाही. पण आईला तिथे नेलं असतं का? नाही. दिलेल्या वेळेवर विसंबू नका, आणि निघायचा रस्ता आधी बघून ठेवा.

मुळा_मुठा | १६ मे, सकाळी १०.५५

अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यावर ब्युनोस आयर्सला २०२२ च्या डिसेंबरमध्ये तर बस पुढे सरकेना म्हणून खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून न्यावं लागलं. लोक पुलावरून बसमध्ये उड्या टाकत होते.

निळाई | १६ मे, रात्री ११.३०

एक गोष्ट सांगते, कारण या शहरात राहून ती न बोलणं मला जमत नाही. इथे गर्दी हा शब्द लोक हलकेपणाने घेत नाहीत. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूलच्या मॅचला झालेली चेंगराचेंगरी. मॅच बघायला गेलेली ९७ माणसं परत आली नाहीत. माझ्या वॉर्डातल्या एका आजींचा भाऊ त्यांच्यात होता. त्या मला दरवेळी त्याच्या बुटांबद्दल सांगतात, नवे घेतले होते म्हणून. लाल आणि निळे त्या बाबतीत इथे वेगळे नसतात.

म्हणून इथले लोक मिरवणुकीत शेजारच्या मुलाला पटकन उचलून पुढे करतात, कुणी पडलं तर ओरडून मागच्यांना थांबवतात. तुम्हीही तेच करा.

कॉप_कट्टा | १७ मे, दुपारी २.००

निळाई, तुझ्या या प्रतिसादाबद्दल आभार. उद्या गुडिसनवर तुमच्या पुरुष संघाचा शेवटचा सामना आहे ना? १८९२ पासूनचं मैदान. शुभेच्छा, मनापासून.

निळाई | १८ मे, रात्री ९.१५

जिंकलो, २-०. साउदॅम्प्टनविरुद्ध. सामना संपल्यावर कोणी उठेना. माझ्या मागच्या रांगेतला माणूस खुर्चीच्या लाकडावर हात फिरवत बसला होता, त्याच्या वडिलांची जागा होती ती. पुढे तिथे महिला संघ खेळणार आहे, हे कळल्यावर जरा बरं वाटलं होतं. आता तुमचा सोमवार.

मँचेस्टरची_मावशी | १९ मे, सकाळी ८.१०

एक विचारू का? तो तुमचा खेळाडू ट्रेंट, रेआल माद्रिदला चाललेला. आर्सेनलच्या मॅचला त्याची हुर्यो उडवली तुम्ही लोकांनी. मिरवणुकीतही उडवणार का? माझ्या मुलाला फार वाईट वाटलं.

कॉप_कट्टा | १९ मे, सकाळी ८.४४

मावशी, मी त्या दिवशी अॅनफिल्डवर होतो आणि मीही ओरडलो. इथलाच पोरगा, सहा वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये, आणि करार संपवून फुकट जातोय. जखम झाली. सालाह आणि व्हॅन डाइकने एप्रिलमध्ये नव्या करारांवर सह्या केल्या, हा गेला.

वॉरिंग्टनवाला | १९ मे, सकाळी ९.२०

मला नाही पटत. वीस वर्षं दिली त्याने. २०१९ ला बार्सेलोनाविरुद्ध निर्णायक गोल ज्यावरून झाला तो कॉर्नर कोणी घेतला होता? लेकीच्या जर्सीवर त्याचा ६६ नंबर आहे. ती मला विचारते, "बाबा, आता ही घालू नको का?" मी सांगितलं, घाल. सोमवारी तीच घालून येणार आहे.

कॉप_कट्टा | १९ मे, सकाळी ९.२६

...बरं. घालू दे तिला.

वॉरिंग्टनवाला | २५ मे, रात्री १०.५०

क्रिस्टल पॅलेसशी १-१ झाली, पण चषक मिळाला! आपला जुना कर्णधार हॅन्सन याच्या हातून घेऊन व्हॅन डाइकने उचलला, भरलेल्या अॅनफिल्डसमोर. आणि ट्रेंट मैदानावर आला तेव्हा टाळ्या. कॉप_कट्टा, ऐकलंस ना?

पिशवी भरून तयार आहे: स्टूल, तीन रेनकोट, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या, चटणी, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा, बाबांच्या गोळ्या आणि ग्लुकोजची पुडी. पावसाचा अंदाज आहे.

कॉप_कट्टा | २६ मे, सकाळी ९.०५

निघालो. आम्ही चौघे स्ट्रँडला. संध्याकाळी फोटो टाकतो.

वॉरिंग्टनवाला | २६ मे, दुपारी १२.०८

पोचलो. गाडी खच्चून भरलेली, पण एका मुलाने बाबांना जागा दिली. क्वीन्स ड्राइव्हला एका घरासमोर उभे आहोत. त्या घरच्या बाई बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, स्वच्छतागृह लागलं तर दार उघडंच आहे. पाऊस सुरू.

मुळा_मुठा | २६ मे, संध्याकाळी ६.५०

बातम्या बघताय का कोणी? वॉटर स्ट्रीटवर गर्दीत गाडी घुसली म्हणताहेत.

दादरचा_पाऊस | २६ मे, संध्याकाळी ६.५८

कॉप_कट्टा तिकडेच आहे. वॉटर स्ट्रीट स्ट्रँडलाच मिळतो ना?

मँचेस्टरची_मावशी | २६ मे, संध्याकाळी ७.०३

वॉरिंग्टनवाला, कॉप_कट्टा, दोघांनी हजेरी लावा. एक शब्द लिहा फक्त.

वॉरिंग्टनवाला | २६ मे, संध्याकाळी ७.२०

आम्ही घरी आहोत. तिघेही सुखरूप, पाचलाच पोचलो. कॉप_कट्टाला मीही फोन लावतोय, लागत नाही.

मुळा_मुठा | २६ मे, रात्री ८.१५

कृपया ते व्हिडिओ इथे टाकू नका. कोणी केलं, का केलं याचे तर्कही नकोत. पोलीस सांगतील.

मँचेस्टरची_मावशी | २६ मे, रात्री ९.०२

अजून काही नाही?

कॉप_कट्टा | २६ मे, रात्री ९.४७

आहोत. चौघेही ठीक. फोन बंद पडला होता, आत्ता घरी येऊन लावला.

बस गेल्यावर आम्ही वॉटर स्ट्रीटनेच वर जाणार होतो. मित्राला तहान लागली म्हणून गोदीकडे वळलो. मागून आवाज आला, आधी वाटलं जल्लोषच आहे. मग लोक उलटे पळत आले. एका बाईने तिची ढकलगाडी माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या मुलाला शोधायला गेली. पाच मिनिटांत ती परत आली, मूल सापडलं. ती पाच मिनिटं मी त्या बाळाकडे बघत उभा होतो. लाल मोजे होते त्याच्या पायात.

आज याहून जास्त नाही लिहवत.

निळाई | २७ मे, सकाळी ६.३०

रात्रभर कामावर होते. जखमींबद्दल मी काही लिहिणार नाही. पोलिसांनी ५३ वर्षांच्या एकाला पकडलं आहे, दहशतवादाचा प्रकार नाही असं सांगितलं आहे. एवढंच लिहिते की सुट्टी असलेले माझे सहकारी न बोलावता आले. दोघांच्या अंगावर लाल जर्सी होती, रस्त्यावरूनच आलेले.

कॉप_कट्टा, झोप लागत नसेल तर कोणाशी तरी बोल. मला फोन केलास तरी चालेल.

शाहूपुरी | २७ मे, सकाळी ९.१५

सगळे जखमी लवकर बरे होवोत. अंबाबाईला हात जोडले.

वॉरिंग्टनवाला | २९ मे, रात्री ९.३०

दोन दिवस लिहावंसं वाटलं नाही. जखमींचा आकडा वाढतच चालला आहे, त्यात मुलंही आहेत. पण मी प्रश्न विचारून धागा काढला होता आणि पुढच्या वेळी कोणीतरी तो शोधत येईल, म्हणून लिहितो.

क्वीन्स ड्राइव्ह ही जागा आमच्यासाठी योग्य होती. तीन तास थांबलो. बाबा निम्मा वेळ स्टुलावर. आधी लांबून गलका ऐकू आला, मग लाल धूर दिसला. कोणीतरी नळकांडी पेटवली होती, पावसामुळे धूर वर जाईना, सगळा रस्त्यावर साचला. त्यातून बस आली. बाबा उठून उभे राहिले आणि माझा दंड धरून म्हणाले, "गुलालाचा धूर केलाय रे यांनी!"

बस समोरून गेली ती जेमतेम अर्धा मिनिट. व्हॅन डाइक चषक धरून आमच्याच बाजूला होता. सालाह दिसला, प्रशिक्षक स्लॉट पाठमोरा दिसला. लेक माझ्या खांद्यावर होती. ट्रेंट कठड्याला टेकून उभा होता, तिने पाठीवरचा ६६ दाखवायला अंगच वळवलं. त्याने पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही. तिचं म्हणणं, पाहिलं.

दशम्या त्या घरच्या बाईंना दिल्या. चटणी तिखट लागली, तरी पुन्हा मागून घेतली. धुराचा मुलीला त्रास झाला, म्हणून लहान मुलं असतील तर रुमाल ओला करून जवळ ठेवा. बस गेल्यावर लगेच निघालो नाही, अर्धा तास थांबलो, गाडीत बसायला जागा मिळाली.

निळाई, तुम्ही त्या रात्री स्ट्रँडला जाऊ नका असं लिहिलं नसतं तर मी बाबांना तिथेच नेलं असतं. मनातून मलाही स्ट्रँडच हवं होतं.

निळाई | २९ मे, रात्री १०.१०

बाबांचा गुडघा कसा आहे?

वॉरिंग्टनवाला | २९ मे, रात्री १०.२५

सुजलाय थोडा. तेल लावून बसलेत. शाहूपुरींनी बुटांचे नंबर पाठवलेत, अकरा जोड. ते चष्मा लावून एकेक वहीत उतरवून घेताहेत.